कधी इलंस, जातलंस कधी?

मसुऱ्यात मुंबईहून कुणी उतरला की वाटेत भेटणारा पहिला माणूस एका दमात दोन प्रश्न विचारतो. "कधी इलंस? जातलंस कधी?" शहरी कानाला दुसरा प्रश्न बोचतो. माणूस अजून पाणीही प्यायलेला नाही आणि याला त्याच्या परतीची घाई! मालवणी माणसाच्या तिरकसपणाचा नमुना म्हणून हा किस्सा मैफलींत सांगितला जातो. मीही तो बरीच वर्षे सांगत आलो.

इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून जुनी गॅझेटियर, शिरगणतीचे अहवाल, देवस्थानांची माहितीपत्रके आणि घराघरांतल्या ट्रंकांतली पत्रे चाळण्याचा नाद मात्र पंचवीस वर्षांचा आहे. मसुरे आणि त्याच्या पंचक्रोशीतल्या माणसांची ये-जा हा त्या नादातला एक धागा. तो उलगडताना हळूहळू लक्षात आले की त्या दोन प्रश्नांत तिरकसपणा असलाच तर थोडा. बाकी त्यात दीडशे वर्षांचा अनुभव आहे. या गावात येणारा प्रत्येक जण दिवस मोजून आणत असे. किती आणले आहेत हे कळल्याशिवाय त्याच्यासाठी काय शिजवायचे, कोणते काम काढायचे, कोणती गोष्ट बोलायची आणि कोणती पुढच्या खेपेवर ठेवायची, हे ठरत नसे.

आता नवे पाहुणे येतात. शुक्रवारी रात्री मुंबईत गाडीत बसायचे, शनिवारी सकाळी कणकवलीला उतरायचे, रिक्षाने तासाभरात मसुरे. दुपारी माशांचे जेवण, संध्याकाळी खाडी, रविवारी सकाळी किल्ला, मग परतीची वाट. नात्याने कुणाचेच नसलेले हे पाहुणे कुणाच्या तरी घरातल्या स्वच्छ खोलीत राहतात आणि खरोखरच ताजेतवाने होऊन जातात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की विश्रांतीचे हे दोन दिवस आले कुठून, ते कुणी मोजून दिले आणि पाहुणा विसावतो तेव्हा गावात कोण विसावते?

खाडीकाठचे गाव

गड नदी सह्याद्रीतून निघून कणकवलीवरून खाली येते, मसुऱ्यापाशी ऐसपैस होते आणि तळाशीलच्या वाळूच्या पट्टीला वळसा घालून सर्जेकोटाजवळ समुद्राला मिळते. आज तिला कालावलची खाडी म्हणतात. जुन्या इंग्रजी कागदांत ती 'मसुऱ्याची खाडी' आहे. गाव किनारपट्टीचे, पण लाटांच्या आवाजाबाहेरचे. खाली माड आणि भाताचे मळे, वर जांभ्या दगडाचे उघडे भरड, मध्ये विखुरलेल्या वाड्या. भरतीबरोबर होडी आत यायची आणि ओहोटीबरोबर बाहेर जायची. इथली पहिली वेळापत्रके समुद्रानेच लावून दिलेली.

पाहुण्यांना दाखवायला दोन किल्ले आहेत. खाडीच्या दक्षिणेला, गावाच्या डोक्यावर भरतगड. समोर उत्तर तीरावर भगवंतगड. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरात भरतगडाची कथा आहे. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ही टेकडी पाहिली, पण पाणी नाही म्हणून किल्ल्याचा विचार सोडला. पुढे वाडीच्या सावंतांनी खडक फोडून विहीर खणली, पाणी लागले आणि मगच तट उभा राहिला. १७०१ च्या सुमारास किल्ला पुरा झाला. समोरचा भगवंतगड बावडेकर पंत अमात्यांचा, सावंतांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला. अठराव्या शतकाच्या मध्यावर तुळाजी आंग्र्यांनी भरतगड घेतला, सावंतांनी तो परत मिळवला, आणि १८१८ मध्ये दोन्ही गड इंग्रजांच्या हाती गेले.

आजचा प्रवासी हे सारे दोन तासांत पाहून उतरतो. मला त्या कथेतली विहीर महत्त्वाची वाटते. कुणाला मुक्कामाला ठेवायचे तर आधी पाणी लागते, आणि ते कुणीतरी खडक फोडून काढलेले असते. किल्ल्यावरच्या शिबंदीला हे लागू होते, तसेच आजच्या पर्यटकालाही.

रविवार

आठवड्याची सुट्टी आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी मिळवावी लागली होती, हे आठवत नाही. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्यानंतरची तीसेक वर्षे गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. यंत्र पुसण्यासाठी किंवा सणासाठी गिरणी बंद राहील तेवढाच विसावा. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली. सूर्योदय ते सूर्यास्त चालणारे काम कमी करा, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. तो दिवस रविवारच असावा, कारण तो खंडोबाचा वार आहे, असेही त्यांच्या बाजूने सांगितले जाई. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली.

त्या गिरण्यांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी दोन लाखांहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग त्याच जिल्ह्यात होता; तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. म्हणजे लोखंड्यांचा रविवार मसुऱ्याच्या माणसालाही मिळाला. पण तो त्याला मसुऱ्यात घेऊन येऊ शकत नव्हता.

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवणला पोहोचायला जवळपास पुरा दिवस लागे. बोट दूर समुद्रात उभी राही. तिथून पडावात उतरायचे, पडावातून किनाऱ्यावर, आणि पुढे बैलगाडी किंवा पायपीट. पावसाळ्यात बोटी बंद. समुद्र बंद असताना घरी जायचे तर रेल्वेने कोल्हापूरपर्यंत (ती वाट १८९१ मध्ये खुली झाली) आणि तिथून फोंडा घाट उतरून. अशा वाटेवर एका दिवसाची सुट्टी निरुपयोगी होती. मग रविवार मुंबईतच जाई. गावकीच्या खोलीत, जिथे एका गावचे वीस-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत, तिथे रविवारी भजन होई, गावच्या देवळासाठी वर्गणी ठरे, आणि लिहिता येणारा एखादा इतरांची पत्रे लिहून देई. आमच्या घरच्या ट्रंकेतल्या पत्रांत बहुतेकांवर रविवारची तारीख आहे. गावी जाता येत नाही म्हणून गावाला लिहायचे, हा त्या सुट्टीचा उपयोग.

रजा

गावी जायचे तर 'रजा' लागे, आणि तिची किंमत पगारातून द्यावी लागे. बदली कामगार महिनाभर गावी गेला की त्याचा पगार बुडे, आणि परतल्यावर त्याच्या सांच्यावर दुसरा उभा असे. मुकादमाला खूश ठेवल्याशिवाय जागा परत मिळेलच याची शाश्वती नाही. पगारी रजा कायद्यात आली ती १९४५ च्या दुरुस्तीने. १९४८ च्या कारखाने कायद्याने ती पक्की केली : वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस. हिशेब केला तर किमान बारा दिवस. त्याच १९४८ सालच्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत एस.टी. कोकणातही उतरली. रजेचा कायदा आणि लाल गाडी एका वर्षात यावी हा योगायोग. पण चाकरमान्याचा मे महिना आणि गणपती आज ज्या रूपात आपण ओळखतो, ते रूप या दोहोंनी मिळून घडवले.

आमच्या घरातले प्रमाण सांगतो. आजोबा बोटीने येत. दोन-तीन वर्षांतून एकदा, पण आले की दोन महिने राहत. घर शाकारून, गडगा नीट करून, एखादे लग्न लावून जात. वडील एस.टी.ने दरवर्षी येत आणि पंधरा दिवस राहत. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली; त्यानंतर मी वर्षातून दोन-तीनदा, चार-चार दिवस येऊ लागलो. आता माझा पुतण्या महिन्याआड येतो आणि दोन रात्री राहतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यावर तो एकदा सकाळी आला आणि दुसऱ्या संध्याकाळी गेला. वाट जितकी आखूड झाली तितका मुक्कामही आखूड झाला. चार पिढ्यांचे वर्षाचे दिवस मिळवून पाहिले तर आजोबांचे सोडता फार फरक पडत नाही. तुकडे मात्र इतके लहान झाले आहेत की एका तुकड्यात गडगा दुरुस्त होत नाही.

या हिशेबात न बसणारे एक वर्ष आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. त्या उन्हाळ्यात गावी माणसे नेहमीसारखीच आली, ट्रंका घेऊन, आंबे उतरायच्या वेळेला. पाऊस सुरू झाला तरी ती गेली नाहीत. गणपती झाले, दसरा झाला. आमच्या वाडीत एका ओटीवर बसलेल्या काकाला येणारे-जाणारे "कधी इलंस?" एवढेच विचारीत आणि पुढे होत. दुसरा प्रश्न गावाने त्या वर्षी गिळला. तो सवयीचा, थट्टेचा प्रश्न न विचारण्यात केवढी माया होती, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. ज्याच्याजवळ मोजलेले दिवस नाहीत त्याच्याजवळ परतायची जागाही नाही, हे न शिकलेल्या माणसांनाही बरोबर कळले होते.

दीड दिवस

कंपनीने किंवा सरकारने न मोजलेली एक सुट्टी मसुऱ्याच्या हद्दीतच आहे. आंगणेवाडी ही मसुऱ्याची एक वाडी. तिथल्या भराडी देवीची जत्रा दीड दिवसाची. देवी भरडावर प्रकटली म्हणून भराडी, अशी नावाची उपपत्ती सांगतात. या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. दिवाळीनंतर देवळातले विधी होतात, रानात डुकराची शिकार साधते आणि मग देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. एकदा ठरली की बदलत नाही. जत्रेच्या दिवशी आंगणे घराण्यातल्या स्त्रिया मौन पाळून देवीचा प्रसाद रांधतात. बाहेर लाखोंची गर्दी, राजकीय पुढाऱ्यांच्या मोटारी, खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगा. आत चुलीपाशी शब्द नाही.

तारीख अशी ऐनवेळी ठरणारी, तरी मुंबईहून लोक पोहोचत. बोटीच्या काळात निरोप पत्राने जाई, पुढे तारेने. आता तारीख ठरल्याची बातमी काही मिनिटांत फोनवर पोहोचते, रेल्वे जादा गाड्या सोडते आणि तिकिटे बघता बघता संपतात. मी गेल्या काही जत्रांच्या तारखा वारांसह मांडून पाहिल्या. १७ फेब्रुवारी २०२० सोमवार. ६ मार्च २०२१ शनिवार. करोनामुळे ती जत्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली. २४ फेब्रुवारी २०२२ गुरुवार. ४ फेब्रुवारी २०२३ शनिवार. २ मार्च २०२४ शनिवार. २२ फेब्रुवारी २०२५ शनिवार. सहापैकी चार शनिवार. कौल देवीचा आहे आणि सहा नोंदींवर सिद्धांत उभारण्याइतका मी धाडसी नाही. एवढे नोंदवून ठेवतो की २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. लोखंड्यांच्या रविवाराला शनिवार जोडला जायला एकशे तीस वर्षे लागली, आणि जत्रेला येणाऱ्याला आता रजेचा अर्ज पूर्वीइतका लिहावा लागत नाही.

जत्रेची सुट्टी आणि सहलीची सुट्टी यांत बाहेरून साम्य आहे. दोन्हीकडे माणूस एक-दोन रात्रींसाठी येतो, जेवतो, फिरतो, जातो. फरक तारखेचा आहे. जत्रेला कधी यायचे ते गाव ठरवते आणि शहर स्वतःला त्याप्रमाणे वळवते. सहलीची तारीख शहर ठरवते आणि गाव तयार राहते.

गावच रजेवर

खाडी ओलांडली की पलीकडे चिंदर, आणि थोडे पुढे आचरे. या भागात अशी एक चाल आहे की तिच्याविषयी ऐकलेल्यांना ती खरी वाटत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा अख्खे गाव घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जाते. तिला गावपळण म्हणतात. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलाने होते. चिंदर, वायंगणी या गावांचीही आपापली आहे. कौल झाला की माणसे भांडीकुंडी, धान्य, गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह हद्दीबाहेर पडतात आणि माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या, गवताच्या झोपड्या करून राहतात. तीन दिवस, तीन रात्री. गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही. मुदत भरल्यावर पुन्हा कौल घेतात आणि देवाने होकार दिला की घरी परततात. गुरव, मानकरी, कौल, गाऱ्हाणे, त्याला "होय म्हाराजा" म्हणणारा समुदाय, ही सगळी गावऱ्हाटीची यंत्रणा या तीन दिवसांमागे उभी असते.

का जायचे, याची उत्तरे अनेक. त्या तीन रात्री गावात भुतांचा वावर असतो, ही कथा सर्वांत प्रसिद्ध. तिच्यावर अंधश्रद्धा म्हणून टीकाही झाली आहे. साथीच्या रोगात गाव मोकळे करण्याची जुनी रीत यातून टिकली असावी, असे काही जण मानतात. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी माणसे घरे सोडून माळावर राहिली होती, तेव्हा हा तर्क अगदीच दूरचा नाही. मला लक्षात घ्यावासा वाटतो तो काळ. गावपळण होते ती साधारण देवदिवाळीच्या पुढेमागे. भात कापून, झोडून घरात आलेले असते. गुरे मोकळी असतात. पाऊस संपलेला, थंडी नुकती लागलेली. शेतकऱ्याच्या वर्षात तीन दिवस काढायचे तर याहून सोयीचे दिवस सापडणार नाहीत. कारण भुतांचे असो वा रोगाचे, दिवस निवडले आहेत ते काम उरकल्यावरचे.

आणि माळावर लोक करतात काय? रांधतात, जेवतात, गप्पा मारतात. रात्री भजने, फुगड्या, एखादे दशावताराचे खेळे. लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, मुंबईकर मुद्दाम रजा काढून येतात. मुले तीन दिवस शाळेशिवाय हुंदडतात. शहरातला माणूस पैसे मोजून ज्या गोष्टी शोधत किनाऱ्यावर येतो, त्या सगळ्या इथे आहेत : मोकळे आकाश, चुलीवरचे जेवण, कामापासून सुटका, आपली माणसे. एक गोष्ट जास्तीची आहे. इथे सर्वांची सुट्टी एकाच वेळी असते. वाढणारे एक आणि विसावणारे दुसरे, अशी विभागणी नाही. विहिरींना, वाटांना, अंगणांनाही तेवढे दिवस कुणाचा पाय लागत नाही.

सहल ही शहराने शोधलेली आणि खेड्याला शिकवलेली गोष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. गावपळणीकडे पाहिले की तो समज थोडा ढळतो. खाडीपलीकडच्या गावांनी तीन दिवसांच्या मुक्कामी सुट्टीची स्वतःची रीत बसवली होती. तिला नाव मात्र पळण दिले, कारण नुसते विसावायला जातो म्हणणे त्या काळच्या कष्टाच्या जगण्यात कुणाला शोभले नसते. भुताचे निमित्त लागले. हा माझा तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा.

वाढणाऱ्यांचा आयतार

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण ही नावे आधी पुढे गेली. तिथली गर्दी नकोशी झालेले लोक मग मसुऱ्यासारख्या आतल्या गावांकडे वळले. शासनाच्या निवास व न्याहारी योजनेने घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणे सोपे केले. मी याला वाईट म्हणणार नाही. आमच्या वाडीत कुलूप लागलेल्या घरांचे वासे वाळवी खाते आहे. ज्या घरांत पाहुणे येतात त्यांची कौले तरी वेळच्या वेळी परतली जातात. १९८२ नंतर परत मुंबईला न गेलेल्यांच्या काही घरांत हाच आता रोख पैसा आहे.

माझ्या एका चुलत वहिनीकडे अशा दोन खोल्या आहेत. शनिवारी पहाटे पाचला तिची चूल पेटते. घावणे, चटणी, चहा. मग बाजारातून मासळी, नारळ खवणे, वाटप, सोलकढी. रात्रीचे जेवण साडेदहाला आवरते. रविवारी तेच, आणि पाहुणे गेल्यावर चादरी. मागच्या वर्षी अशाच एका रविवारी संध्याकाळी ती खळ्यात पाय पसरून बसली होती. मी माझ्या टिपणांच्या नादात तिला लोखंड्यांची गोष्ट सांगितली, रविवार कसा मिळाला त्याची. तिने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, "पावण्यांचो आयतार तो. माका त्याच दिसाक जास्ती काम." मग थोड्या वेळाने, "भावजी, मसुऱ्यात गावपळण नाय ना. आमका खयची सुट्टी?"

तिचे माहेर चिंदरचे. लहानपणच्या गावपळणी तिला आठवतात : तीन दगडांच्या चुलीवर आई रांधायची, पण घाईने नव्हे, दुपारी बायका झाडाखाली खरेच आडव्या व्हायच्या. घरी असताना आईला दिवसा आडवे झालेले तिने कधी पाहिले नव्हते.

मी पुढचे काही दिवस त्या बोलण्यापाशीच अडकून होतो. किनाऱ्यावरचे बाकीचे सारे काही मोजून थांबते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे मासळीलाही दोन महिन्यांची रजा कायद्याने मिळते. जुन्या बोटी पावसाळ्यात थांबत. जत्रा दीड दिवसाने उठते. गिरणीला रविवार मिळाला, कचेरीला शनिवार मिळाला. विश्रांती विकणाऱ्या घराला मात्र अजून कुणी वार नेमून दिलेला नाही. शेतात काम करणारी, घरात रांधणारी बाई कायद्याच्या व्याख्येत तेव्हाही कामगार नव्हती आणि आजही पाहुण्यांसाठी रांधणारी घरधनीण त्या व्याख्येत बसत नाही. तिची सुट्टी गावालाच ठरवावी लागेल. खाडीपलीकडच्या गावांनी ती एकदा ठरवून दाखवली आहे, एवढाच इतिहासाचा आधार मला देता येतो.

वहिनीने तिच्यापुरते ठरवले आहे. चिंदरची पुढची गावपळण होईल तेव्हा खोल्या बंद ठेवून ती तीन दिवस माहेरच्या झोपडीत राहायला जाणार आहे. खोल्यांची नोंदणी तिचा मुलगा फोनवर सांभाळतो. बंद ठेवायचे दिवस आधी भरून ठेवावे लागतात, म्हणून त्याने तारीख विचारली.

"तारीख देव सांगतलो," ती म्हणाली.

मुलाने फोन चाळून पाहिला. त्यात तसा पर्याय नव्हता.